रिकाम्या शस्त्राचा सराव आणि तोतया काडतूस

शिवनेरीच्या परिसरातील जुन्नर तालुका आणि त्याच्या दक्षिणेस घोड नदीच्या खोऱ्यात वसलेला आंबेगाव तालुका यांचे रूप गेल्या काही दशकांत पालटले आहे. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या कुकडी प्रकल्पाच्या धरणांमुळे पूर्वेकडील शिवारांना पाणी मिळाले. जेथे बाजरी आणि मटकीवर भागत असे तेथे ऊस, द्राक्षे, कांदा आणि टोमॅटो यांची शेती उभी राहिली. नारायणगाव आणि मंचर येथील बाजारपेठा वाढल्या, शेतकरी गावठाण सोडून आपापल्या मळ्यात राहावयास गेला. या समृद्धीबरोबर दोन चिंताही आल्या. वस्तीवर एकटे पडलेल्या घराच्या सुरक्षिततेची एक चिंता, आणि उसाच्या आडोशाने वाढलेल्या बिबट्याच्या वावराची दुसरी. त्यामुळे काही घरांत परवान्याचे शस्त्र आढळते. कोठे आजोबांच्या काळातील ठासणीची बंदूक असते, कोठे बारा बोअरची एकनळी वा दुनळी, तर एखाद्या व्यापाऱ्याच्या किंवा बागायतदाराच्या कपाटात ०.३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर, म्हणजे जुन्या मराठीतील सहाबारी असते.

शस्त्र घरात आले म्हणजे ते चालविण्याचा सराव हवा, हे ओघानेच आले. परंतु मळ्यात उभे राहून खरे बार काढून सराव करणे धोक्याचे आणि नियमबाह्य असते. खऱ्या काडतुसांचा सराव अधिकृत नेमबाजी मैदानावरच व्हावयास हवा. शिवाय काडतुसे परवान्यावर नमूद केलेल्या मर्यादेतच मिळतात. म्हणून अनेक परवानाधारक घरीच रिकाम्या शस्त्राने नेम धरून चाप ओढण्याचा सराव करतात. यास इंग्रजीत ‘ड्राय फायरिंग’ म्हणतात, मराठीत आपण त्यास ‘कोरडा सराव’ म्हणू. हा सराव कसा करावा, त्यात ‘स्नॅप कॅप’ म्हणजे तोतया काडतूस का वापरावे आणि ते वापरूनही कोणता धोका शिल्लक राहतो, एवढाच आजचा विषय आहे.

कोरड्या सरावाचे महत्त्व

नेम चुकण्याचे कारण बहुधा डोळ्यात नसून बोटात असते. चाप ओढताना मनगट वळते, बार उडणार या कल्पनेने हात दचकतो आणि नळीच्या टोकावरील माशी लक्ष्यावरून ढळते. खरा बार उडताना आवाज आणि धक्का यांच्या गोंधळात ही चूक नजरेस येत नाही. रिकाम्या शस्त्रात मात्र ती लगेच दिसते. घोडा पडल्यावर माशी जेथे होती तेथेच राहिली, तर हात स्थिर आहे. ती हलली, तर दोष हातात आहे.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत हा सराव विशेष आवश्यक ठरतो. रिव्हॉल्व्हर दोन प्रकारे चालविता येते. घोडा आधी अंगठ्याने मागे ओढून मग चाप दाबल्यास चाप हलका लागतो. घोडा न ओढता थेट चाप दाबल्यास त्याच एका ओढीने घोडा मागे जातो, सिलिंडर एक घर फिरते आणि घोडा पडतो. ही ओढ लांब आणि जड असते. ती एकसारखी, न अडखळता पार पाडणे केवळ सरावानेच साधते. या सरावाची एक जुनी आणि सोपी कसोटी आहे. नळीवर माशीजवळ एक नाणे ठेवावे आणि चाप ओढावा. नाणे न पडता घोडा पडला, म्हणजे बोट सुधारले.

रिकामा घोडा कोठे आदळतो

काडतुसाच्या बुडाशी मध्यभागी मऊ धातूची एक लहान टोपी असते. चाप ओढला की घोडा पडतो आणि फायरिंग पिन या टोपीवर आघात करते. टोपीतील स्फोटक पेटते, दारू पेटते आणि गोळी सुटते. येथे लक्षात घेण्याची गोष्ट अशी की, पिनेच्या आघाताचा मोठा भाग ती मऊ टोपी स्वतःवर घेते. घर रिकामे असेल तर आघात झेलावयास टोपी नसते. मग पिन पूर्ण पुढे जाते आणि घोड्याचा भार पोलादाच्या चौकटीवर पोलादानेच आदळतो.

आधुनिक बनावटीच्या शस्त्रात असा एखाददुसरा रिकामा आघात काही बिघडवीत नाही. शस्त्रासोबत मिळालेल्या उत्पादकाच्या पुस्तिकेत याविषयी जे सांगितले असेल ते प्रमाण मानावे. परंतु सराव म्हणजे दहा-वीस आघात नव्हेत, तर महिन्याकाठी शेकडो आघात. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये पिन घोड्याच्याच तोंडाशी जडविलेली असते. तेथे तिचे टोक झिजण्याची वा तुटण्याची शक्यता असते. जुन्या दुनळीतील पिनाही अशाच नाजूक असतात. ०.२२ बोअरच्या शस्त्राची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याच्या काडतुसात स्फोटक मध्यभागी नसून कडेच्या वळीत असते आणि पिन कडेवरच मारते. घर रिकामे असल्यास ती थेट घराच्या काठावर आदळून तेथे खाच पाडू शकते.

हे नुकसान केवळ पैशाचे नाही. टोक तुटलेल्या पिनेचे शस्त्र ऐन प्रसंगी बार देत नाही. याच्या उलट, पिन पुढे अडकून राहिली असेल तर दुनळीत काडतूस भरून ती मिटताना बार आपोआप उडू शकतो. दोन्ही गोष्टी जिवावर बेतणाऱ्या आहेत.

तोतया काडतुसाची रचना

या आघातासाठी योजलेला उपाय म्हणजे स्नॅप कॅप. आकाराने ते हुबेहूब काडतुसासारखे असते. पितळ, ॲल्युमिनियम किंवा कठीण प्लॅस्टिक यांचे ते बनविलेले असते. त्यात दारू नसते, सुटणारी गोळी नसते आणि स्फोटक टोपीही नसते. टोपीच्या जागी स्प्रिंगवर बसविलेली चकती किंवा रबर वा नायलॉनची गादी असते. पिन तीवर पडते आणि आघात तेथेच जिरतो.

ही कल्पना नवीन नाही. ठासणीच्या बंदुकीत घोडा ज्या लहान निपलवर पडत असे त्यावर फुटाणी टोपी बसवीत. टोपीविना घोडा पाडल्यास निपल बिघडे. म्हणून कवायतीच्या वेळी निपलवर एक आच्छादन चढवीत, त्यालाच स्नॅप कॅप म्हणत. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड बंदुकीबरोबर असे आच्छादन साखळीला अडकवून दिले जाई. १८५७ च्या उठावात जिच्या काडतुसांनी ठिणगी टाकली ती हीच बंदूक होय. पुढे धातूची काडतुसे आली, निपल गेले, पण नाव मात्र टिकले.

तोतया काडतूस घेताना बोअर तपासून घ्यावा. नुसते ‘०.३२’ म्हणणे पुरेसे नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेला काठ असतो. त्या काठावरच ते घरात टेकते आणि त्याच काठाने बाहेर ढकलले जाते. स्वयंचलित पिस्तुलाचे ०.३२ काडतूस निराळे असते. बारा बोअरच्या बंदुकीसाठी त्याच बोअरची तोतया काडतुसे वेगळी मिळतात. रंग शक्यतो लाल, निळा किंवा केशरी असावा, पितळी नसावा. गादीला खोल खड्डा पडला किंवा काठ वाकला की ते टाकून द्यावे.

काही लोक तोतयाऐवजी उडालेल्या काडतुसाचे रिकामे टरफल वापरतात. ही बचत खोटी आहे. त्याची टोपी आधीच आत दबलेली असल्यामुळे ती पुढचे आघात फारसे झेलीत नाही. त्याहून वाईट म्हणजे सिलिंडरच्या मागून पाहिले असता टरफल आणि जिवंत काडतूस सहज वेगळे ओळखता येत नाही. जिवंत काडतुसातील दारू काढून तोतया बनविण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. टोपीतील स्फोटक तसेच राहते आणि तेवढ्या जोरानेही गोळी नळीत शिरून अडकू शकते. नळीत अडकलेल्या गोळीमागे पुढचा बार झाला तर नळी फुटते. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार काडतुसे बनविण्यास वा त्यांत बदल करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. शस्त्र बाळगण्याच्या परवान्याने हा अधिकार मिळत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

खरा धोका कोठे आहे

येथवर पोलादाच्या रक्षणाचा विचार झाला. परंतु पिन तुटली तर नवी बसविता येते. कोरड्या सरावातील खरा धोका पिनेला नसून माणसाला आहे. हा धोका एका विसरलेल्या काडतुसाच्या रूपाने येतो.

‘शस्त्र रिकामे होते’ या वाक्याने कितीतरी अपघातांचे निवेदन सुरू होते. रिकामेपण ही डोळ्यांना दिसणारी वस्तू नाही, ती एक उणीव आहे. सवयीने पाहणारा डोळा उणीव गृहीत धरतो. पाच घरे मोकळी दिसली की सहावेही मोकळेच असेल असे मन स्वतःला सांगते. तोतया काडतुसाचा सर्वांत मोठा उपयोग येथेच आहे. जेथे तोतया बसला तेथे खरे काडतूस बसू शकत नाही. सहाही घरांत सहा रंगीत तोतये दिसले, म्हणजे आत काय आहे हे डोळ्याने पाहिले, नुसते मानले नाही. म्हणून सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये नेहमी सहाच्या सहा तोतये भरावेत. एकदोन घालून बाकीची घरे मोकळी ठेवू नयेत. तोतया आणि खरी काडतुसे मिसळून भरण्याचा एक प्रकार नेमबाजीच्या शिक्षणात आहे, परंतु तो शिक्षकाच्या देखरेखीखाली, मैदानावरच करावयाचा असतो. घरात त्यास स्थान नाही.

असे असले तरी तोतया काडतूस हे सावधगिरीला पर्याय होऊ शकत नाही. सिलिंडर मिटल्यावर आत कोणते काडतूस आहे याची खात्री बाहेरून होत नाही. सराव संपवून शस्त्र पुन्हा भरल्यावर ‘अजून एकदाच’ म्हणून चाप ओढला जातो, ती वेळ तर सर्वांत घातक. हात अजून सरावात असतो आणि शस्त्र मात्र खरे झालेले असते.

सरावाची शिस्त

हा धोका टाळावयाचा तर सरावाला ठराविक क्रम हवा आणि तो दर वेळी न चुकता पाळला पाहिजे.

पहिली गोष्ट जागेची. ज्या खोलीत सराव करावयाचा तेथे एकही जिवंत काडतूस नसावे. काडतुसे दुसऱ्या खोलीत, कुलपात ठेवूनच शस्त्र हाती घ्यावे. लक्ष्य म्हणून कागदावर काढलेला काळा ठिपका पुरे. तो जाड दगडी भिंतीवर किंवा मातीने भरलेल्या पोत्यांपुढे लावावा. पत्र्याची किंवा एका विटेची आडभिंत गोळी थांबवील असे समजू नये, तिच्या पलीकडे कोणी झोपलेले असू शकते. दूरदर्शन संच, दिनदर्शिका किंवा आरसा यांवर नेम धरण्याची थट्टाही करू नये.

दुसरी गोष्ट तपासणीची. नळी सुरक्षित दिशेस ठेवून आणि बोट चापाबाहेर ठेवून शस्त्र उघडावे. काही रिव्हॉल्व्हर मधोमध बिजागरीवर वाकून उघडतात. कानपूर येथील आयुधनिर्माणीने २०१४ साली महिलांसाठी म्हणून पुढे आणलेले ‘निर्भीक’ या बांधणीचे आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’सारख्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर एका बाजूस बाहेर येते. बांधणी कोणतीही असो, सर्व घरे रिकामी करावीत, एक ते सहा मोजावीत आणि प्रत्येक घरावरून बोट फिरवावे. डोळा चुकला तर बोट सांगेल. घरात दुसरा जाणता माणूस असेल तर त्यालाही पाहावयास सांगावे. त्यानंतरच सहा तोतये भरावेत.

तिसरी गोष्ट वेळेची. दहा-पंधरा मिनिटांपेक्षा अधिक सराव एका बैठकीत करू नये. थकलेले मन चुका करते आणि थकलेले बोट वाईट सवय लावून घेते. मध्येच कोणी हाक मारली, दूरध्वनी वाजला किंवा दारात पाहुणा आला, तर सराव तेथेच संपला असे समजावे. पुन्हा आरंभ करावयाचा असल्यास तपासणी पहिल्यापासून करावी.

चौथी गोष्ट समाप्तीची. शेवटचा चाप ओढल्यावर ‘सराव संपला’ असे मोठ्याने उच्चारावे. तोतये मोजून त्यांच्या डबीत ठेवावेत, भिंतीवरील ठिपका काढून टाकावा आणि शस्त्र कुलपात जावे. त्या दिवशी त्यास पुन्हा सरावासाठी हात लावू नये.

घरातील मुलांचा विचार तर सदैव करावा. लाल-निळी तोतया काडतुसे मुलांना खेळण्यासारखी वाटतात. त्यांच्याशी खेळलेले मूल उद्या खऱ्या काडतुसालाही खेळणेच समजेल. म्हणून तोतयेही कुलपातच हवेत. घरातील स्त्रियांनाही शस्त्राची किल्ली कोठे असते आणि सराव केव्हा चालतो याची माहिती असावी. घराची सुरक्षितता ही एकट्या परवानाधारकाची खाजगी बाब नाही.

निवडणुकीच्या काळात आदेशानुसार परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. ती परत मिळतात तेव्हा हात शस्त्राला अनोळखी झालेला असतो. अशा वेळी शस्त्र घरी आणताच प्रथम नीट तपासावे. पिन, घोडा वा सिलिंडर यांत दोष आढळल्यास अधिकृत परवाना असलेल्या दुरुस्तीकारालाच दाखवावे.

क्रीडाक्षेत्राचा धडा

नेमबाजीत महाराष्ट्राने मोठे नाव मिळविले आहे. २०१० साली म्युनिक येथे जगज्जेतेपद मिळविणाऱ्या तेजस्विनी सावंत, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पिस्तुलाचे सुवर्णपदक पटकाविणाऱ्या राही सरनोबत आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे स्वप्नील कुसाळे हे तिघेही कोल्हापूरच्या मातीतले. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडासंकुलात नेमबाजीचे मैदान आहे. जगभरच्या नेमबाजांच्या शिक्षणात कोरड्या सरावाला मानाचे स्थान आहे. तरीही आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमानुसार कोरडा सराव मैदानावरील अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि नेमून दिलेल्या जागीच करता येतो. शस्त्र वापरात नसेल तेव्हा त्याच्या घरात भडक रंगाची सुरक्षा-पट्टी घालावी लागते. घर रिकामे आहे हे दुरूनही दिसावे, हाच तिचा हेतू. जेथे प्रत्येक जण प्रशिक्षित असतो तेथे एवढी दक्षता घेतली जाते, तर ज्या घरात मुले वावरतात तेथे ती किती घ्यावयास हवी, हे सांगावयास नको.

बिबट्या, कायदा आणि संयम

जुन्नर वनविभागात जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे तालुके येतात. येथील माणसांनी बिबट्याच्या हल्ल्यांत आप्त गमावले आहेत, त्यांचे दुःख आणि भीती खरी आहे. तथापि घरच्या सरावाने सुधारलेला नेम रात्रीच्या उसात उपयोगी पडेल असे समजणे चूक ठरेल. अंधारात हलणारी आकृती पाणी धरावयास गेलेल्या शेजाऱ्याची असू शकते, फडाकडेला झोपलेल्या ऊसतोडणी कामगाराच्या मुलाची असू शकते. जखमी बिबट्या हा तर अधिकच घातक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली बिबट्यास सर्वोच्च संरक्षण आहे. त्याची शिकार करण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षकच देऊ शकतात. प्रत्यक्ष प्राणावर बेतले असता सद्‌भावनेने केलेल्या बचावास कायद्याने संरक्षण दिले आहे, पण बंदूक घेऊन माग काढीत जाण्यास नाही. बिबट्या दिसताच वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळविणे, हाच योग्य मार्ग होय.

शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत ३ वर्षांवरून ५ वर्षे केली, त्याचबरोबर निष्काळजीपणे वा समारंभात बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास २ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद केली. निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास भारतीय न्याय संहितेनुसार ५ वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. मात्र आपल्याच अंगणातील मूल गेल्यावर न्यायालय देईल त्याहून मोठी शिक्षा त्या घराने आधीच भोगलेली असते.

श्रोतेहो, जुन्नरपासून फार दूर नसलेल्या खडकी येथे १८६९ सालापासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तेथे प्रत्येक काडतूस मोजूनमापून तयार होते, कारण त्यातील किंचितशी चूकही परवडणारी नसते. तीच मोजदाद आता परवानाधारकाने आपल्या घरात करावयाची आहे. सहा घरे मोजावीत, सहा तोतये मोजावेत, सराव संपल्यावर ते पुन्हा मोजून डबीत ठेवावेत. यास पाच मिनिटे लागतात. शस्त्र बाळगण्याचा परवाना जिल्हाधिकारी देतात. ते रिकामे असल्याची खात्री मात्र ज्याने त्याने स्वतःच, दर वेळी नव्याने करून घ्यावयाची असते.